पेटीला आठ हात: बेदाणा रेल्वेने दिल्लीला पाठवला त्याची हकीकत

सप्टेंबर २०२५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या आम्ही सहा शेतकऱ्यांनी मिळून १,४७० पेट्या बेदाणा मिरजेहून रेल्वेने दिल्लीला पाठवला. त्याआधी आमच्यापैकी कुणीही रेल्वेने साधी मोटारसायकलसुद्धा पाठवली नव्हती. कुठल्या खिडकीवर जायचं, काय कागद लागतात, किती दिवस आधी सुरुवात करायची, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. ज्यांना विचारलं ते म्हणाले, "ट्रकने घाल की, कशाला भानगड?" म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

डोक्यात हे आलं ते सांगोल्यामुळं. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर ही पहिली किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी खास गाडी, सुटली, तेव्हा भाडं टनाला ४,००१ रुपये होतं. त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला गेली. सांगोला आमच्यापासून लांब नाही, मिरजेहून पंढरपूरला जाणाऱ्या लाइनवरच आहे. तिथली डाळिंबं बंगालपर्यंत जातात, मग आपला बेदाणा का जाऊ नये, असं मला तेव्हापासून वाटत होतं. त्या गाड्यांना भाड्यात ५० टक्के सवलत होती. आम्ही निघालो तेव्हा तशी सवलत नव्हती, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचा हिशेब वाचताना गोंधळ होणार नाही.

जुलैत आमच्या सोप्यात सहाही घरं बसली. माल मार्चमध्येच तयार होऊन कोल्ड स्टोरेजला गेला होता. दिवाळीआधी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला थेट द्यायचा, असं ठरलं. आमच्या घरच्या आबांचा पहिल्यापासून विरोध होता. "माल आपल्या नजरेखालून सुटला की संपलं," एवढंच ते म्हणाले. शेवटी प्रत्येकी २५५ पेट्या काढायच्या आणि कागदपत्रांचं मी बघायचं, यावर बैठक उठली.

४ ऑगस्ट, सोमवार. मिरज स्टेशनच्या पार्सल ऑफिसात पहिल्यांदा गेले. खिडकीतल्या साहेबांनी आधी मलाच विचारलं, "माल किती? सुटा की आख्खी व्हॅन?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, जाण्याआधी त्याचं उत्तर तयार ठेवा. वीस-पंचवीस पेट्या असतील तर त्या प्रवासी गाडीला जोडलेल्या ब्रेकव्हॅनच्या पार्सल कप्प्यातून जातात. माल जास्त असेल तर आख्खी पार्सल व्हॅन घ्यावी लागते, तिला तिथं सगळे व्हीपी म्हणतात. मोठ्या व्हीपीची क्षमता २३ टन. मालगाडीचा पूर्ण रेक, म्हणजे आख्खी गाडी, घ्यायचा तर अडीच हजार टनांच्या आसपास माल लागतो, तेव्हा तो आमच्यासारख्यांचा विषयच नाही. सिमेंट, साखर, खत यांच्यासाठी तो.

साहेबांनी शांतपणे सगळं समजावलं. पार्सलची जागा १२० दिवस आधीपर्यंत नोंदवता येते. नोंदवताना भाड्याच्या १० टक्के भरायचे आणि बाकीचे गाडी सुटायच्या किमान ७२ तास आधी. मी वहीत लिहून घेतलं आणि घरी आले. त्या दिवशी मला एकदम हलकं वाटलं होतं.

११ ऑगस्टला अर्ज घेऊन गेले तो परत आला. चूक आमचीच होती. माल सहा जणांचा आणि पाठवणारी म्हणून माझं एकटीचं नाव, तर बाकी पाच जणांचं अधिकारपत्र हवं, हे मला सुचलंच नव्हतं. पाचही जणांच्या सह्या, आधार आणि पॅनच्या प्रती गोळा करण्यात चार दिवस गेले, कारण त्यातले दोघे द्राक्षाच्या औषधांसाठी नाशिकला गेले होते. १८ तारखेला अर्ज घेतला गेला आणि १०,८१० रुपये भरले. पूर्ण भाडं १,०८,१०० रुपये, म्हणजे टनाला ४,७०० रुपये पडत होतं.

मागितलेली तारीख होती २ सप्टेंबर. पण गणपतीचे दिवस, सगळ्या व्हॅन बाहेर. रिकामी व्हॅन मिरजेत आल्याशिवाय काही होत नाही, आणि ती कधी येईल हे आपल्या हातात नसतं. नवी तारीख मिळाली १६ सप्टेंबर. ते दोन आठवडे मला फार जड गेले. रोज संध्याकाळी कुणीतरी फोन करायचं, "काय झालं ओ तुमच्या रेल्वेचं?" व्यापाऱ्याला कळवताना तर घशात गोळा आला होता. सणाच्या तोंडावर माल पाठवणार असाल तर तारीख किमान तीन आठवडे आधीची धरा, आणि घेणाऱ्यालाही पहिल्यापासून एक तारीख न सांगता आठवडा सांगा.

याच काळात जीएसटीचं कोडं सोडवलं. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत स्पष्ट झालं की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. म्हणून आमच्या सीएंनी सहा जणांची सहा वेगळी बिलं करायला लावली. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, व्यापाऱ्याने काढायचं ठरलं, कारण तो नोंदणीकृत होता. रेल्वेचा नियम रस्त्यापेक्षा वेगळा आहे. प्रवासात ई-वे बिल सोबत नसलं तरी चालतं, पण माल सोडवून घेताना ते दाखवल्याशिवाय रेल्वे माल ताब्यात देत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. उरलेले ९७,२९० रुपये भरायला गेले आणि तिथं मोठी चूक लक्षात आली. फॉरवर्डिंग नोट, म्हणजे मालाची माहिती लिहून रेल्वेला द्यायचा फॉर्म, भरत होते. पेट्या १,५३०, वजन २२,९५० किलो. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हे मालाचं वजन की पेटीसकट?"

मी गप्प झाले. आपल्याकडे पेटी पंधरा किलोची म्हणतात. सौद्यात पंधरा, पावतीवर पंधरा, आमच्या तोंडातही पंधराच. पुठ्ठा, आतली प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी यांचं वजन कुणी धरतच नाही. तिथूनच चुलतभावाला कोल्ड स्टोरेजला फोन लावला. त्याने भरलेली पेटी काट्यावर ठेवली, १५ किलो ६०० ग्रॅम. दुसरी ठेवली, तेवढीच. १,५३० पेट्यांचे २३,८६८ किलो होत होते, म्हणजे व्हॅनच्या क्षमतेपेक्षा ८६८ किलो जास्त. जादा वजन स्टेशनवर सापडलं असतं तर दंड बसला असता आणि ऐनवेळी पेट्या उतरवाव्या लागल्या असत्या, ते वेगळंच. प्रत्येकाच्या दहा पेट्या कमी केल्या, राहिल्या १,४७०. साठ पेट्या कोल्ड स्टोरेजलाच थांबल्या. कुणीही रेल्वेने काही पाठवणार असाल तर पहिल्या दिवशीच भरलेली पेटी काट्यावर ठेवा.

१५ सप्टेंबरला सकाळपासून पाऊस. दोन ट्रक, प्रत्येकी ७,००० रुपये. एका ट्रकची ताडपत्री कोपऱ्यात फाटलेली होती आणि ती भरण्याआधी आम्ही बघितली नाही. मिरजेत पोचलो तेव्हा मागच्या तीन पेट्यांचा पुठ्ठा हाताला ओला लागत होता.

मिरज स्टेशनविषयी थोडं सांगते. माझे आजोबा इथं हमाल होते. मिरजेला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तीनही रूळ होते. पुण्याकडून आलेला माल लोंढ्याकडे जायचा तर ब्रॉडगेजच्या वाघिणीतून उतरवून मीटरगेजच्या वाघिणीत भरावा लागे, आणि पंढरपूरच्या बाजूला जायचा तर नॅरोगेजच्या. रुळांची रुंदी बदलली की माल माणसाच्या पाठीवर यायचा. आजी सांगायची, आजोबांच्या उजव्या खांद्यावर पोत्याच्या शिवणीचा वळ कायमचा उमटला होता. सगळीकडे ब्रॉडगेज झाल्यावर ते काम संपलं. आजोबांना त्याचं वाईट वाटलं नाही, ते म्हणायचे, मालाला जितके हात तितकी नासाडी.

त्या दिवशी फलाटावर उभी राहून मी एका पेटीला किती हात लागतात ते मोजलं. पेटीच्या कोपऱ्यावर निळ्या पेनाने फुली केली होती, ती ओळखू येत होती. कोल्ड स्टोरेजमधून ट्रकमध्ये, एक. ट्रकमधून फलाटावर, दोन. फलाटावरून काट्यावर, तीन. काट्यावरून थप्पीला, चार. दुसऱ्या दिवशी थप्पीवरून व्हॅनमध्ये, पाच. दिल्लीत व्हॅनमधून खाली, सहा. तिथून टेम्पोत, सात. टेम्पोतून गोदामात, आठ. ट्रकने पाठवला असता तर दोनच.

थप्पी लागत असताना ट्रकच्या ड्रायव्हरदादांशी बोलणं झालं. ते पूर्वी कोकणातून कर्नाटकात माल नेत होते. कोलाडला भरलेला ट्रकच रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवतात, ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये झोपतो आणि सुरतकलला उतरून पुढं निघतो. कोकण रेल्वेने ही रो-रो सेवा २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा सुरू केली होती. "मालाला कुणी शिवत नाही बघा ताई, दोरीसुद्धा सोडायची नाही," ते म्हणाले. ऐकत होते आणि समोर आमच्या पेट्या काट्यावर चढत-उतरत होत्या.

१६ तारखेला सकाळी व्हॅन फलाटाला लागली. मुकादमांशी पेटीमागे ८ रुपये ठरले होते, ११,७६० रुपये झाले. भरण्याची मुदत ठरलेली असते, ती उलटली की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चालू होतो, त्यामुळे माणसं आदल्या दिवशीच बोलून ठेवा. खालच्या थरात कुठल्या पेट्या जाणार ते आम्ही बघायला हवं होतं. जुन्या, मऊ पडलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या खाली गेल्या, ते नंतर नडलं. दार बंद झालं, सील लागलं. हातात आरआर पडली, म्हणजे रेल्वेची मूळ पावती. ती दाखवल्याशिवाय दिल्लीत माल मिळत नाही. हरवली तर स्टॅम्पपेपरवर हमीपत्र द्यावं लागतं. कुरिअरने पाठवली तर पावती पोचायच्या आधी गाडी पोचेल, आणि माल पडून राहिला की जागेचं भाडं चढत जातं. म्हणून मी आणि चुलतभाऊ त्याच गाडीत स्लीपरचं तिकीट काढून बसलो. आरआर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजच्या आत ठेवली होती.

रात्रभर झोप नाही. गाडी सांगली, सातारा, पुणे करत दौंडकडे वळली. सकाळी भुसावळला थांबली तेव्हा फलाटावरून चालत आमच्या व्हॅनपर्यंत गेले. सील होतं तसंच होतं. बोटाने एकदा हलवून बघितलं आणि आबांना फोन केला, "आबा, सील जागेवर हाय." ते म्हणाले, "बरं झालं. तू जेवलीस का?" दोन महिन्यांत त्यांनी मालाच्या आधी माझी चौकशी केली ती तेवढीच एकदा. फलाटावर उभ्या उभ्या डोळे भरून आले.

१८ तारखेला सकाळी दिल्ली. तिथं तीन तास थांबलो. व्यापाऱ्याकडच्या मुलाने ई-वे बिलात आरआरचा नंबर टाकताना एक आकडा चुकवला होता. मी फोटो पाठवला होता, पण तो चालत्या गाडीत काढलेला, धूसर. फोटो फलाटावरच स्थिर उभं राहून काढा आणि नंबर टाइप करूनही पाठवा. दुरुस्ती झाल्यावर माल सुटला. उतरवण्याची हमाली पेटीमागे १२ रुपये, १७,६४० झाले. टेम्पोंचे २२,०००. १९ ला दुपारी शेवटची पेटी गोदामात गेली. ११ पेट्या खराब निघाल्या, तीन ओल्या आणि आठ दबलेल्या. व्यापाऱ्याने तेवढ्याच पेट्यांचे पैसे कापले, बाकी माल बघून खूश झाला. निळ्या फुलीची पेटी शाबूत होती.

आता हिशेब, कुणालाही खोटी आशा लावायची नाही म्हणून जसाच्या तसा. कोल्ड स्टोरेजमध्ये ट्रक भरण्याची हमाली ७,३५०, मिरजेपर्यंतचे ट्रक १४,०००, मिरजेची हमाली ११,७६०, रेल्वे १,०८,१००, दिल्लीची हमाली १७,६४०, टेम्पो २२,०००. एकूण १,८०,८५० रुपये. आमचा प्रवासखर्च यात धरलेला नाही. थेट ट्रकचा भाव किलोला ६ रुपये ४० पैसे होता, कोल्ड स्टोरेजची हमाली धरून १,५४,११५ झाले असते. म्हणजे रेल्वेने आम्हाला किलोमागे साधारण सव्वा रुपया जास्त पडला.

पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी पुन्हा बेरीज केली, मग पुन्हा. पण त्यातच खरी गोष्ट आहे. मिरज ते दिल्ली एवढ्या लांबचं भाडं १,०८,१०० आणि दोन्ही टोकांना मिळून ७२,७५०. रूळ स्वस्त आहेत. पैसा जातो तो माल रुळापर्यंत नेण्यात आणि रुळावरून उतरवण्यात, प्रत्येक हाताला थोडा थोडा.

लातूरला पाणी नेलं तेव्हा आपण हेच बघितलं आहे. ११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून जलदूत ही पाण्याची गाडी सुटली ती दहा वाघिणी घेऊन, पाच लाख लिटर. भरायलाच वेळ लागत होता. मिरजेत नवी जलवाहिनी टाकून भरणीची सोय झाली आणि गाडी ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची झाली. रूळ, इंजिन, अंतर तेच होतं. फक्त पाणी वाघिणीत पडण्याची जागा सुधारली.

कंटेनरची कल्पना हीच आहे. पेट्या एकदाच कोल्ड स्टोरेजच्या दारात पोलादी डब्यात भरायच्या, सील लावायचं, मग तो डबा ट्रेलरवरून वाघिणीवर, वाघिणीवरून ट्रेलरवर क्रेनने उचलायचा. मालाला दोनदाच हात. न्हावा शेवापासून दादरीपर्यंत १,५०६ किलोमीटरचा पश्चिम मालवाहतूक मार्ग फक्त मालगाड्यांसाठी आखलेला आहे, त्यावर कंटेनरवर कंटेनर ठेवून गाड्या चालतात, आणि दादरी म्हणजे दिल्लीचा उंबरठाच. डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणाने खासगी जागेतही रेल्वेचं मालटर्मिनल उभारायची वाट केली आहे. आमच्या जिल्ह्यात ड्रायपोर्टसाठी, म्हणजे समुद्रापासून लांब कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या तळासाठी, आधी रांजणी, मग सलगरे अशी नावं ऐकत आलो. पुणे-मिरज दुहेरीकरण प्रवाशांसाठी तर चांगलंच, पण मालाच्या गाडीला वाट मिळण्यासाठी त्याची गरज त्याहून जास्त आहे असं मला वाटतं. माझं मागणं मोठं नाही. मिरजेच्या आसपास कंटेनर उचलणारी एक क्रेन, आणि एक-दोन कंटेनरवाल्यालाही आठवड्याला जागा मिळेल अशी गाडी, एवढं झालं तरी या हिशेबातल्या मधल्या रकमा गळून पडतील.

दिवाळीनंतर उरलेल्या साठ पेट्या घरी आणल्या. रविवारी अंगणात मी खडूने चौकोन काढला, ५ मीटर ९० लांब, २ मीटर ३५ रुंद, म्हणजे २० फुटी कंटेनरची आतली जागा. आमची पेटी ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, १८ उंच. लांबीला १४, रुंदीला ७, एका थरात ९८, आणि उंचीला १३ थर. १,२७४ पेट्या, पेटीसकट १९,८७४ किलो. आबा पायरीवर बसून बघत होते. मुलांनी साठ पेट्या ओळीने मांडल्या, आठ ओळी पुऱ्या झाल्या आणि नवव्या ओळीत चार.

आबा उठले, चौकोनाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याचं दार कुठल्या बाजूला?"

मी दाखवलं. ते तिथं उभे राहिले, मग कोल्ड स्टोरेजच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "ट्रेलर ओढ्याच्या पुलावर वळायचा न्हाई. टेप घे आणि चल, आत्ताच मोजून येऊ."

पूल साडेतेरा फूट रुंद भरला. वळणावरची विजेची तार तेवढी वर घ्यावी लागेल. त्याचा अर्ज सोमवारी दिला आहे.